सातव्या दिवशीची सही

१

माझ्या धाकट्या भावाला जाऊन सात दिवस झाले, त्याच संध्याकाळी त्याने स्वतःच्या सहीने आपलं सगळं काम पुसून टाकलं, असं विद्यापीठात जो तो म्हणत होता.

मी हे ऐकलं तेव्हा कचेरीत डबा खात होते. घास खाली ठेवला नाही. त्या दिवसांत माझं असंच चाललं होतं. कोणी काही सांगितलं की ते कानापर्यंत यायचं आणि दारातल्या पाहुण्यासारखं तिथेच उभं राहायचं. त्याला आत घेणारं कोणी नव्हतं.

शिन्चूच्या विद्यापीठात मी संगणक केंद्रात आहे. नेटवर्क बंद पडलं किंवा पोरांनी चावटपणा केला की चौकशीला मला पाठवतात. दुपारी केंद्रप्रमुख ल्याओ साहेबांनी बोलावलं.

"को-जे, हे प्रकरण तुलाच बघावं लागेल." को आमचं आडनाव, जे म्हणजे ताई; विद्यापीठात बरेच जण मला असंच म्हणतात.

"मी? माझा सख्खा भाऊ होता, साहेब. उद्या लोक म्हणतील, बहिणीने पांघरूण घातलं."

"म्हणू देत. दुसरं कोणी त्याच्या प्रयोगशाळेच्या खोलीत पाऊल टाकायला तयार नाही. एकोणपन्नास दिवस व्हायचेत अजून, तोवर आत्मा इथेच फिरतो म्हणतात." साहेबांनी खिडकीकडे बघत घसा साफ केला. "तुला तो काही करणार नाही. घरचीच आहेस."

भुताने नातं पाळावं आणि बहिणीने चौकशी करावी, असा एकंदर हिशेब होता. मी वही उचलली आणि निघाले.

माझ्या भावाच्या, पिंग-हानच्या प्रयोगशाळेतलं काम एरवीच्या नेटवर्कच्या उलट होतं. एरवी नेटवर्कच्या नाक्यांवरची यंत्रं टपालातल्या कारकुनासारखी असतात. पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि पुढे ढकलायचं, आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. पिंग-हानच्या नेटवर्कमध्ये पाकिटाच्या आतच छोटा प्रोग्राम असायचा. नाक्यावरचं यंत्र पाकीट उघडणार, आतला प्रोग्राम चालवणार, लागला तर स्वतःजवळ ठेवून घेणार आणि मग पाकीट पुढे धाडणार. नाक्याला नवं काही शिकवायचं तर तिथे जायला नको, पाकीट पाठवलं की झालं. शिन्चूपासून ताइनानपर्यंत अशी नाकी होती आणि सगळ्यांच्या तळाशी पिंग-हानने लिहिलेला पाया होता. तोच पुसला गेला, आणि त्यावर उभं असलेलं सगळ्यांचं काम भुईसपाट झालं. प्रत्येक नाक्यावर एकच नोंद होती: पुसलं. हुकूम को पिंग-हान यांचा.

ही सही म्हणजे लांबलचक आकडा असतो, तो दुसऱ्याला करता येत नाही. आणि सही करणारा त्या वेळी शवागारात होता.

खरं वाईट पुढेच होतं. पिंग-हान स्कूटरवर गेला. विद्यापीठाच्या टेकडीच्या चढावर, वाऱ्यापावसात, उभ्या ट्रकवर आदळला. ब्रेक दाबल्याची खूण नाही, असं पोलीस म्हणाले. त्याच दुपारी त्याचं वेंग लाओशींशी कडाक्याचं भांडण झालं होतं. लाओशी म्हणजे सर; ते प्रयोगशाळेचे प्रमुख, आणि त्यांनी पिंग-हानच्या शोधनिबंधावर आपलं नाव वर घातलं होतं. तोवर लोक अपघात म्हणत होते. आता त्यांनी नवा अर्थ लावला. पोराने आधी काम पुसायची व्यवस्था लावून ठेवली, आणि मग ट्रक गाठला.

आईच्या कानावर हे भाजीबाजारात गेलं. ती पिशवीसकट माझ्यासमोर उभी राहिली.

"मे-श्वान, तो आपणहून गेला का?"

"मला नाही माहीत, आई."

"मग माहीत करून घे. पगार त्याचाच मिळतो ना तुला?"

२

खोलीत दोघं माझी वाट बघत होती. लू चंग हा पिंग-हानच्या हाताखाली शिकणारा, हातात मण्यांची माळ घातलेला शाकाहारी मुलगा. पेइ-रू पिंग-हानच्या बरोबरीची. ती चर्चला जाणारी, तिच्या गळ्यात क्रूस.

प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं. आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात. हिरवंच लागतं, आणि मुदत संपलेलं चालत नाही.

"मुदत बघितलीस?" मी लू चंगला विचारलं.

"पहिल्यांदा तीच बघितली, को-जे. सगळी ताजी आहेत." तो गंभीर होता. "लाओशी स्वतः आणतात."

"लाओशी? ते तर म्हणतात, हे सगळं थोतांड आहे."

"म्हणतात थोतांडच. पण एकदा मी हिरव्या, नारळाच्या चवीच्या पाकिटाऐवजी तिखट आणलं, तर परत पाठवलं मला, वाऱ्यात."

पेइ-रू ओठांतल्या ओठांत हसली आणि लगेच गप्प झाली. त्या खोलीत हसणं शोभत नाही, असं तिला वाटलं असावं. मला काहीच वाटलं नाही.

"नुकसान कोणाचं झालं?" मी विचारलं.

"माझं," लू चंग म्हणाला. "पेइ-रूकडे तिच्या प्रोग्रामची प्रत होती. माझ्याकडे जुनी आहे. या वर्षी प्रबंध झाला नाही तर विद्यापीठातून नाव जाईल आणि मग थेट सक्तीच्या सैन्यभरतीची हजामत."

"मग राग आला असेल त्याचा."

"आला होता." त्याने माळेचे मणी मागे ढकलले. "पण हान शुएचांगने माझं वाटोळं का करावं? माझा अर्धा प्रबंध त्यांनीच शिकवलाय. आपलं पुसतील, माझं नाही पुसणार."

शुएचांग म्हणजे वरच्या वर्गातला दादा. पिंग-हानला दादा म्हणणारं कोणी आहे, हे घरी आम्हाला कधी कळलं नव्हतं.

"नाक्यांवरचे प्रोग्राम एरवी पुसतं कोण?"

"झाडूवाला," पेइ-रू म्हणाली. "हाननेच लिहिलेला. प्रत्येक नाक्यावर बसलेला असतो. पाकिटांनी आणून टाकलेले प्रोग्राम साचत जातात ना, म्हणून नियम आहे. ज्याचा प्रोग्राम, त्याच्या संगणकाने दर थोड्या वेळाने 'मी आहे' असं कळवायचं. अर्धा दिवस कळवलं नाही, तर मालक गेला असं समजून झाडूवाला तो प्रोग्राम पुसतो."

"मग त्याचा पायाही झाडूवाल्यानेच पुसला असेल."

"छे. पाया कायमचा होता. तो हानचा होता, त्याला कोण झाडणार?" तिने लू चंगकडे बघितलं आणि त्यानेही मान हलवली. "शिवाय हानचा संगणक चालूच आहे. तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही."

कोपऱ्यात त्याचं टेबल होतं. संगणकाचा पंखा घुरघुरत होता आणि पडद्यावर पांढरा कागद चिकटवलेला होता.

"हा कागद?"

"मी लावला," पेइ-रू म्हणाली. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याचं अर्धं लिहिलेलं काम तसंच उघडं होतं, ते टिमटिमत राहायचं. आम्हाला बघवेना. बंद करायचंही धाडस होईना."

"त्यानंतर कोणी उचलला?"

"कोण उचलणार, को-जे?" लू चंग दाराशी सरकत म्हणाला.

मी चिकटपट्टी ओढली आणि कागद काढला. अर्धं लिहिलेलं काम तिथे नव्हतं. पडदा काळा होता आणि वरच्या कोपऱ्यात एकच ओळ होती: नाव सांगा.

३

म्हणजे कागद लावल्यानंतर संगणक एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. चालू करणाऱ्याला कागदाखाली काय होतं ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते उघडं काम गेलेलं बघून निदान घाबरला तरी असता.

वीज गेली असती तर खोलीतली सगळीच यंत्रं बंद पडली असती. बाकीची मी तपासली. एकही बंद पडलं नव्हतं.

आता पायाचं बघायचं होतं. पाया कायमचा आहे, असं दोघं म्हणत होती, कारण तो हानचा होता. पण मी त्याला त्यांच्याआधीपासून ओळखत होते. घरात भांडी कोणी घासायची याचा नियम त्याने लहानपणी केला होता आणि ताप आला तरी स्वतःची पाळी सोडली नव्हती. नियम करणाऱ्याने आधी पाळायचा, असं तो आम्हाला ऐकवून बेजार करायचा. असला माणूस स्वतःला झाडूवाल्यातून सूट देईल? मी त्याचा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. सूट कोणालाच नव्हती, त्यालाही नाही.

मग तो गेल्यावर सहा दिवस त्याचा संगणक नाक्यानाक्यांना सांगत होता, मी आहे. सातव्या दिवशी कोणीतरी त्याचं तोंड बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर तो नुसता 'नाव सांगा' म्हणत बसला, आणि नाव सांगायला कोणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत झाडूवाल्याने पाया पुसला. झाडूवाला पिंग-हानने लिहिलेला आणि त्याच्याच सहीने बसवलेला, म्हणून हुकूम त्याच्या नावावर पडला.

त्याने काहीच ठरवून ठेवलं नव्हतं. हे मला नीट समजलं, शब्दन् शब्द समजला, पण आत काही हललं नाही. कोणी आणि का बंद केला, हे कळल्याशिवाय आईला सांगण्यात अर्थ नव्हता. ती अर्ध्या उत्तरावर मानणारी बाई नाही.

खाली फाटकाशी चुआंग बोबो बसलेले होते. म्हातारे पहारेकरी, सगळे त्यांना बोबो म्हणजे काकाच म्हणतात. मी दिसताच त्यांनी सिगारेट लपवली.

"बोबो, त्या खोलीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे?"

"प्रोफेसर वेंग, ती मुलगी, आणि तो माळवाला. एक पिंग-हानकडे होती, ती पोलिसांनी तुमच्या घरी दिली ना?"

दिली होती. माझ्याच पर्समध्ये होती.

"सातव्या दिवशी वर कोण गेलं?"

"माणूस म्हणशील तर मी कोणाला बघितलं नाही. मागच्या जिन्याने गेलं असेल तर देव जाणे." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "पण को-जे, तू बहीण आहेस म्हणून सांगतो. तो आला होता."

"कोण?"

"पिंग-हान. गेलेली माणसं सातव्या दिवशी घरी येतात ना, तो पोरगा इथे आला. त्याचं घर हेच होतं. दाराला कुलूप, आणि आत तो गात होता."

"काय गात होता?"

"हळू, एका सुरात. दुपारी फेरी मारली तेव्हा तेच, चहाच्या वेळी पुन्हा गेलो तेव्हाही तेच. मी तिथूनच नमस्कार केला आणि आलो खाली. त्याला खोकलासुद्धा आला नाही, को-जे. जिवंत माणूस इतका वेळ श्वास न घेता गातो का?"

४

घरी आले तेव्हा आईने जेवण वाढलं नव्हतं. देव्हाऱ्यापाशी पिंग-हानचा फोटो आणि त्याच्या शेजारी ती प्लास्टिकची डबी, जिच्यातून अमिताभ बुद्धाचं नाव अखंड घोळत असतं. देवळात फुकट मिळते. सेल नाहीत, काही नाही, थेट भिंतीतल्या खाचेत खुपसायची. तो गेल्यापासून एक क्षणही बंद नव्हती. मला ती ऐकू येणंही थांबलं होतं.

"भात?" मी विचारलं.

"लावलाय कधीचा."

मी भाताच्या कुकरचं झाकण उघडलं. तांदूळ पाण्यात तसेच होते, गार. कुकरची वायर ओट्यावर लोंबत होती आणि त्याच्या खाचेत डबी होती.

"आई, कुकरचा प्लग काढलास तू."

"मग डबी कुठे लावू? तिकडची खाच ढिली झालीये, मध्येच बंद पडते. बंद पडून चालतं का?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. डबीतला आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला. एकाच सुरात, न खोकता, न श्वास घेता.

प्रयोगशाळेत खाचा सगळ्या यंत्रांनी अडवलेल्या असतात. पिंग-हानच्या खुर्चीपुढे नामाची डबी लावायची तर त्याच्याच संगणकाचा प्लग काढावा लागणार. काढणाऱ्याला ते पाप वाटलंच नसेल. मेलेल्या माणसाचा संगणक, कोण वापरणार?

डबी म्हटल्यावर कोणीही आधी लू चंगकडे बोट दाखवलं असतं. पण सातव्या दिवशी लू चंग आमच्याच घरी माझ्या डावीकडे गुडघे टेकून बसला होता, सकाळपासून भिक्षू निघून जाईपर्यंत. पेइ-रूने उदबत्ती हातात घेतली नाही, तिच्या धर्मात नाही. पण तीही दिवसभर अंगणात खुर्च्या लावत होती. आलं नव्हतं ते एकच माणूस. कोणाला खटकलंही नाही, कारण आमच्याकडे थोरांनी धाकट्याच्या मरणाला वाकायचं नसतं. फुलं पाठवली की रीत पुरी होते.

फुलं आली होती. वेंग लाओशींची.

"कुठे चाललीस? भात तरी होऊ दे," आई म्हणाली.

"उद्या सकाळी एकाला भेटायचंय," मी म्हणाले आणि कुकरचा प्लग ढिल्या खाचेत लावला.

५

वेंग लाओशींच्या खिडकीवर वारा थडका देत होता. त्यांनी स्वतः चहा ओतला, माझ्या कपाला हात लावून गरम आहे ना ते बघितलं. वाईट माणूस नाहीत. तेच मला जड जात होतं.

"मे-श्वान, मला तुमच्या घरच्यांचं दुःख कळतं. पण नोंद स्पष्ट आहे. मी विद्यापीठाला अहवाल दिला आहे."

"वाचला. पूर्वनियोजित, असा शब्द घातलाय तुम्ही."

"दुसरा कोणता घालू?"

"डबी, लाओशी."

त्यांचा हात किटलीवरच राहिला.

मी सांगत गेले. कागदाखालचा काळा पडदा, झाडूवाला, बोबोंनी ऐकलेलं गाणं, किल्ल्या, माझ्या अंगणातले दोघं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटत होता, बातम्या वाचणारीसारखा.

"थोतांड आहे हे," ते अखेर म्हणाले.

"डबी की माझं बोलणं?"

ते खुर्चीत मागे रेलले. चेहरा एकदम म्हातारा झाला.

"मी पहाटे लावली आणि दिवे लागल्यावर काढली. कोणी बघू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी नोंद बघितली तेव्हाच कळलं काय झालं ते. त्याचा नियम मीच मंजूर केला होता."

"आणि तरी पूर्वनियोजित लिहिलंत."

"काय लिहू? प्रयोगशाळेचा प्रमुख मेलेल्या विद्यार्थ्याच्या खुर्चीपुढे नामाची डबी लावून बसला होता, आणि त्यात सगळ्यांची वर्षावर्षांची मेहनत गेली? लोक हसले असते."

"लोक आता हसत नाहीयेत, लाओशी. माझ्या आईला भाजीवाली सांगते की तुझ्या पोराने जीव दिला."

माझं काम इथे संपायला हवं होतं. पण एक गोष्ट मला रात्रभर सलत होती आणि ती मी विचारली.

"न मानणारा माणूस डबी का लावतो? दोन वेळा फुलं पाठवली असतीत तरी चाललं असतं. तुम्ही माफी मागायला बसला होतात. कशाची?"

"भांडण झालं होतं. सगळ्यांना माहीत आहे."

"भांडण दुपारी झालं. तो रागाने घरी गेला. आमचं घर टेकडीखाली आहे. स्कूटर आदळली ती चढावर, वर येताना. तो घरी जात नव्हता, परत येत होता. त्या पावसात त्याला वर कोणी बोलावलं?"

लाओशींनी चष्मा काढला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"मी," ते म्हणाले. "मी फोन केला. म्हटलं, ये वर. नाव तुझंच वर राहील, माझं चुकलं. आत्ताच्या आत्ता बदलून पाठवू. मीच म्हटलं, आत्ताच्या आत्ता." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "उद्या म्हटलं असतं तर चाललं असतं. म्हणून मी कोणाला फोनचं सांगितलं नाही."

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघितली, आला नाही. मी फक्त माझी वही मिटली.

"अहवाल बदला," मी म्हणाले. "सगळं लिहा, डबीसकट. लू चंगला मुदत वाढवून द्या. आणि आज माझ्याबरोबर घरी चला."

"मी तिथे येणं रीतीला धरून नाही, मे-श्वान. मी त्याचा शिक्षक. धाकट्यापुढे..."

"वाकू नका. आईशी बोला."

६

ते आले. दारात चपला काढून इतका वेळ उभे राहिले की शेवटी आईच म्हणाली, "आत या, वारा येतोय."

आईने त्यांना फोटोसमोर बसवलं नाही, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. स्वतः उभीच राहिली. लाओशींनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. संगणक, नाकी, झाडूवाला हे आईला किती कळलं देव जाणे. ती फडक्याने तोच ओटा पुसत होती. फोनपर्यंत आले तेव्हा तिचा हात थांबला.

"म्हणजे तुम्ही बोलावलंत."

"हो. दोष माझा आहे. तुम्ही काय म्हणाल ते..."

"तो रागावला होता का? फोनवर?"

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, येतो, लाओशी."

"एवढंच?"

"हसला. मग म्हणाला, येतो लाओशी, पाऊस आहे, पण येतो. येताना काही खायला आणू का?"

आईने फडकं खाली ठेवलं. मला वाटलं, आता ती त्यांना हाकलेल, किंवा रडेल. तिने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं, लाओशींच्या गुडघ्यांना गुडघे लागतील इतक्या जवळ बसली आणि कान पुढे केला. वय झालंय, तिला एका बाजूने कमी ऐकू येतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "त्याच्यासारखं सांगा."

लाओशींनी सांगितलं.

"हसला कुठे? आधी की नंतर?"

"आधी."

"मग आधी हसा आणि मग सांगा."

माझ्या अख्ख्या नोकरीत वेंग लाओशींना हसताना कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी प्रयत्न केला. वाकडंतिकडं हसू होतं, पिंग-हानचं मुळीच नव्हतं. आईने मान हलवली, हं, पुढे. मी नळ सोडला, पुरा सोडला, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडले. मागे आई म्हणत होती, पुन्हा सांगा, आणि ते पुन्हा सांगत होते.